चकरी कुठं अडकते

बेला
१४ ऑक्टोबर २०२४

यशवंतराव जवाई यांस अमृतरावचा रामराम.

आमी सगळे बरे आहो. कौशल्याही बरी असंल. फोन काऊन केला नाही म्हणसाल, तर माह्या कानाले फोन लावला का निसती शिट्टी वाजते. मागच्या खेपेले तुमी काय बोलले ते मी तुमच्या वहिनीले, सोनाबाईले विचारलं, अन् तिनं तिसरंच काही सांगितलं. म्हणून बसलो पत्र लिहाले.

सोबतच्या डब्यात माही गळाची चकरी पाठवून राह्यलो. तुमी ती पाह्यली हाय. धरणाच्या कामावर एक साहेब होते, त्यांची बदली झाली तवा मले देऊन गेले. काठीच्या बुडाले बसवायची, हँडल फिरवलं का नायलॉनचा तंगूस गुंडाळत येते अन् मासा त्याच्यामागं. तवापासून दर आयतवारी मी अन् चकरी पैनगंगेच्या डोहावर. वांग्याची बाग एक दिवस माह्याबिगर राहू शकते, डोह राहू शकत नाही, असं सोनाबाई चिडून म्हणते.

आता ती अडकून राह्यली. दोन-चार फेरे गुळगुळीत जाते अन् मधातच थांबते. जोर लावला का झटका देऊन सुटते. मागच्या आयतवारी चांगली मनगटाएवढी वाम गळाले लागली होती, ऐन काठापाशी चकरी थांबली अन् वाम गेली. जीवन म्हणते, बाबा, मोबाईलवर नवीन मागवून देतो. पोराले काय समजते! नवीन चकरीले माह्या हाताची ओळख नाही.

तुमी वांकिडीत शिलाई मशिनी, मिक्सर, काय काय दुरुस्त करता. ही पण पाहा. आजकाल कोणतीच वस्तू धड येत नाही. शिंप्यानं नवीन सदऱ्याची काजं इतकी लहान केली का गुंडी जाता जात नाही. चप्पल घेतली तर ती जमिनीले घासते. जुनं ते दुरुस्त करून वापरलेलं बरं.

धाकट्या बहिणीले, कौशल्येले आशीर्वाद.

तुमचा
अमृतराव


वांकिडी
२३ ऑक्टोबर २०२४

दादांना यशवंतचा नमस्कार.

बसच्या पार्सलातून डबा नीट पोचला. कौशल्येनं आधी वास घेतला आणि म्हणाली, माहेरचा वास येते. माशाचा होता.

चकरी पूर्ण खोलली. दादा, तुम्ही म्हणता ते खरं आहे, आत बरंच झिजलं होतं. हँडलचा दांडा ज्या पितळी बुशात फिरतो, त्याचं भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं. त्यामुळे दांडा डुलतो आणि आतलं दातेरी चाक वाकडं बसतं. मी लेथवरून पितळेचा नवा बुश करून आणला. चाकाचा एक दाता अर्धा उडाला होता, त्यावर पितळ चढवून कानशीनं घासून जुळवला. तंगूस जिथून वळतो त्या बारीक फिरकीवर तंगसानंच खाच पाडली होती, ती बदलली. कमानीची स्प्रिंग शिलाई मशिनीच्या तारेतून वळवली. आणि पैनगंगेची वाळू इतकी निघाली, की कौशल्या म्हणाली, तुळशीत टाकते, माहेरची आहे.

आता चकरी लोण्यासारखी फिरते. एका बोटानं ढकलली तरी फिरत राहते. वाम पकडली की कळवा.

कौशल्येनं करंज्या पाठवल्या आहेत. दिवाळीच्या आधीच संपवू नका.

आपला
यशवंत


बेला
५ नोव्हेंबर २०२४

यशवंतराव, रामराम.

करंज्या दिवाळीच्या आधीच संपल्या.

चकरी पाह्यली. बाहेरून तर तुमी ती नवरीवाणी केली. पण जवाई, ती अजून अडकते. राग मानू नका. दिवाळीच्या गडबडीतून येळ काढून डोहावर गेलो होतो. पलीकडून गोंडायच्या दंडारी नाचाचे ढोल वाजून राह्यले होते, ते मलेही ऐकू येत होते म्हणजे पाहा. गळ टाकला, फिरवाले लागलो. गेली, गेली, अन् थांबली. पह्यल्यापेक्षा झटका कमी, पण जागा तीच. जसं कोणी आतून धरून ठेवते.

मी हँडल ढिलं केलं, घट्ट केलं. काठी बदलून पाह्यली. तंगूस बदलून पाह्यला. काहीच समजत नाही. तुमी दाता बसवला तो थोडा उंच राह्यला असंल काय?

परत पाठवून राह्यलो. घाई नाही, पण आयतवार जवळ आला का जीव लागत नाही.

अमृतराव


वांकिडी
१३ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुमचं पत्र वाचून मी बुचकळ्यात पडलो आहे.

पुन्हा सगळं खोललं. दात्याला काजळी लावून फिरवून पाहिलं, डाग सगळीकडे सारखा उमटतो, म्हणजे उंच नाही. तरी आतले जाड लोकरी नमद्याचे वायसर कडक झाले होते म्हणून नवे कापून घातले, हँडलची पिनही बदलली. मग टेबलाला काठी बांधली, तंगसाला वीट लावली आणि फिरवत बसलो. नाही अडकत. दुकानात जे गिऱ्हाईक आलं त्याला फिरवायला लावली. गोपाल मास्तर आले, त्यांनी फिरवली. कौशल्येनं पोळ्या सोडून येऊन फिरवली. कुणाच्याच हातात अडकली नाही.

म्हणून विचारतो: तुम्ही बसून फिरवता की उभ्यानं? काठी पोटाला टेकवता का? पाण्यात शेवाळ फार आहे का? मी काल वहिनींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "मले त्या चकरीतलं काय समजते भाऊ, तुमचं तुमी पाहा," आणि फोन ठेवून दिला. वहिनी एरवी इतक्या लवकर फोन ठेवत नाहीत. माझ्याकडून काही चुकलं का?

चकरी परत पाठवतो. या वेळी अडकली तर दोष कुठं आहे ते मला खरंच माहीत नाही.

यशवंत


बेला
२२ नोव्हेंबर २०२४

यशवंतराव,

सरळ लिहितो. ही चकरी माही नाही.

वरून तीच दिसते. ओरखडेही तेच हायत. पण आतून तुमी काय काय बदललं ते तुमालेच ठावं. हिचं वजन माह्या हाताले वेगळं लागते. माही चकरी हातात घेतली का हात आपोआप चालत होता, इचार करा लागत नव्हता. आता मले मनात म्हणा लागते, फिर. तवा ती फिरते.

जीवननं फिरवून पाह्यली अन् म्हणते, बाबा, मस्त तर फिरते. तो तुमच्याच बाजूनं बोलते. सोनाबाईले विचारलं तर ती चुलीपुढून उठतच नाही. घरात कोणालेच माहं खरं वाटत नाही. तुमी पत्रात लिहिता का गिऱ्हाइकाच्या, मास्तरच्या, बाईमाणसाच्या हातात अडकत नाही. म्हणजे मी खोटं बोलतो काय? मी काय लहान लेकरू हावो?

माही चकरी होती तशी मले वापस द्या. जुने भाग टाकून देले असतील तर तसं सांगा.

अमृतराव


वांकिडी
२९ नोव्हेंबर २०२४

दादा,

मी कौशल्या. हे पत्र मी लिहून राह्यली, यायले, तुझ्या जवायाले, सांगितलं नाही.

तू काय लिहून पाठवलं! यायनं तुझं पत्र वाचलं अन् दुपारी जेवलेच नाहीत. दुकानात गेले पण मशीन खोलून तशीच ठेवून वापस आले. मले म्हणाले, "कौशल्या, तुझ्या भावाची चकरी मी बिघडवली असंल काय?" लग्नाले इतके वर्षं झाले, पण यायले असं स्वतःवर शंका घेताना मी कधी पाह्यलं नाही. रोज संध्याकाळी तुझ्या चकरीचा जुना बुश भिंगाखाली धरून बसतात. काय पाह्यतात, त्यायलेच माहीत.

अन् तुझं अक्षर असं काऊन झालं रे? ओळ सुरू होते तवा नीट, मंग बारीक होत होत मुंगीवाणी. अर्ध्या ओळी मी भिंगानंच वाचल्या. रागात लिहिलं का कागद वाचवून राह्यला?

तुझे जुने भाग कोणी टाकले नाहीत. यायनं एकेक पुसून गोळीच्या डबीत ठेवले होते. ते पाठवून राह्यली. पाहा अन् ओळख. अन् मंग सांग माह्या नवऱ्यानं काय चोरलं.

वहिनीले म्हणाव, माह्याशी बोल. मी फोन केला का ती 'गाय सुटली' म्हणते अन् ठेवते. तुमच्याकडं एकच गाय हाय, किती वेळा सुटंल?

कौशल्या


बेला
८ डिसेंबर २०२४

यशवंतराव जवाई,

डबी भेटली. खाटेवर धोतर पसरलं अन् सगळे भाग त्याच्यावर मांडले. बुश, दोन वायसर, पिन, फिरकी, स्प्रिंग. सगळे माहेच हायत. बुशाचं भोक लांबट झालेलं मी बोटानं पाह्यलं. फिरकीवरची खाच पाह्यली. ते भाग खरंच गेले होते. तुमी बदलले ते बरोबर बदलले. चकरीही माहीच हाय.

मंग अडकते ते काय?

जवाई, मी आज सकाळपासून हेच इचार करून राह्यलो. जुने भाग खराब होते म्हणून अडकत होती, समजलं. नवे घातले, तरी तिथंच अडकते. तुमच्या हातात नाही, जीवनच्या हातात नाही, माह्या हातात अडकते. हे कसं होते? मले काही समजून नाही राह्यलं. भेव वाटून राह्यलं थोडं. कशाचं ते सांगता येत नाही.

मागचं पत्र रागात लिहिलं, कौशल्येले सांगा. एक येळ तुमीच या. डोहावर चला अन् तुमच्या डोळ्यानं पाहा.

अमृतराव


वांकिडी
१९ डिसेंबर २०२४

दादांना नमस्कार.

घरी सुखरूप पोचलो. वहिनींनी दिलेली वांगी कौशल्येनं लगेच भाजली.

डोहावर मी तुम्हाला काहीच सांगितलं नाही, 'पाहतो, विचार करतो' एवढंच बोललो. तुम्हाला वाटलं असेल, याला काही कळलं नाही. कळलं होतं. पण तिथं चार माणसं कपडे धूत होती, आणि तुम्हाला ऐकू जायचं म्हणजे मला ओरडून सांगावं लागलं असतं. ती गोष्ट ओरडून सांगायची नाही. म्हणून आता लिहितो, शांतपणे वाचा.

तुम्ही फिरवत होता आणि चकरी अडकली, तेव्हा मी तुमच्या मुठीवर माझा हात ठेवला. तुम्ही म्हणालात, "जोर लावू नका, दाता उडंल." मी जोर लावत नव्हतो. मी पाहत होतो आधी कोण थांबतं. दादा, आधी हात थांबतो. चकरी त्याच्यामागून थांबते. मी तीनदा पाहिलं.

माझी खात्री पटेना. म्हणून मी 'पिन तपासतो' असं सांगून हँडल काढलं आणि दुसऱ्या बाजूला बसवलं. तुम्ही डाव्या हातानं फिरवू लागलात. सवय नसताना, बोलता बोलता, काठापर्यंत फिरवत आणलंत. एकदाही अडकली नाही. तुम्हीच म्हणालात, "पाहा, तुमचा हात लागला अन् सुधरली."

आणखी एक. सकाळी मी अंगणात आलो तेव्हा वहिनी तुमच्या सदऱ्याच्या गुंड्या लावत होत्या. मला पाहून वहिनींनी पटकन हात मागे घेतला. काजं लहान नाहीत, दादा. जीवनचा सदरा त्याच शिंप्याचा आहे. आणि चालताना तुमचा डावा हात हलतो, उजवा अंगाला धरल्यासारखा राहतो. चप्पलही उजवीच घासते.

हे काय आहे, मला माहीत नाही. मी यंत्राचा माणूस. यंत्रात झिजलेला भाग सापडला की मला बरं वाटतं. इथं सापडला आणि परतीच्या वाटेवर आसिफाबादला उतरून चहा घ्यायचा तोही राहिला. एवढंच सांगतो की आदिलाबादला नसांच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवा.

वहिनींवर रागावू नका. त्यांना बहुतेक आधीच दिसलं होतं, पण हे तुम्हाला कसं सांगावं ते त्यांना समजलं नसावं.

आपला
यशवंत


वांकिडी
२० जानेवारी २०२५

दादा,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. वहिनी फोन उचलत नाहीत. जीवन म्हणतो, "बाबा बरे आहेत, पण तुमचं नाव काढलं की उठून बागेत जातात."

मी जास्त लिहिलं का? जावयानं इतकं बोलायचं नसतं असं वाटलं असेल. कौशल्या म्हणते, तुम्ही खरं लिहिलं. मग लगेच म्हणते, पण असं लिहाले नव्हतं पाहिजे. तिलाही दोन्ही बाजूंनी काही कळत नाही, मलाही नाही.

मी चुकलो असेन तर तसं कळवा. मी खरोखर चुकलो असेन तर मला आनंदच होईल.

यशवंत


बेला
६ मार्च २०२५

यशवंतराव जवाई अन् कौशल्या, दोघांयले मिळून लिहितो.

तुमचं डिसेंबरचं पत्र वाचलं अन् चुलीत टाकलं. सोनाबाई पाहून राह्यली होती. मी तिले इचारलं, "तुले ठावं होतं?" ती म्हणाली, "मले एवढंच ठावं होतं का गुंडी लागत नाही. मले वाटलं म्हातारपण हाय." मंग म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी गुंड्यायचे सदरे सोडून देले असते, अन् मले तुमाले सकाळी हात लावाले मिळते तेवढंही राह्यलं नसतं." मी बागेत निघून गेलो.

जानेवारीभर मी तुमच्यावर रागात होतो. हात माहा, अन् तो अडकते हे मले सोडून साऱ्यायले दिसते? रोज बागेत बसून मूठ उघडत होतो, मिटत होतो. कधी नीट होई, कधी नाही. नीट झाली का म्हणो, जवाई खोटा. नाही झाली का म्हणो, थंडी हाय.

मंग एक दिवस काय झालं. जीवनची पोरगी प्रगती शाळेतून आली. तिनं तेलुगूतलं एक गाणं म्हणून दाखवलं, हातवारे करून, मोठं मजेचं. मी हसून हसून बेजार झालो. अन् ती मधातच थांबली अन् म्हणाली, "आबा, तुमी माह्यावर रागावले काय?" मी म्हटलं, "काऊन वं? मी तर हसून राह्यलो." ती म्हणाली, "नाही. तुमी हसून नाही राह्यले."

मी आरशापुढं गेलो. हसलो. जवाई, मी आतून हसत होतो अन् आरशातला माणूस निसता माह्याकडं पाहून राह्यला होता. मंग जीवनले म्हटलं, आदिलाबादले चल.

डॉक्टर तेलुगूत बोलत होते, जीवन माह्या कानात मराठीत ओरडत होता, अन् बाहेरचे लोक दारातून डोकावत होते. डॉक्टरांनी मले अंगठा अन् बोट टेकवाले लावलं, जल्दी जल्दी, चिमणी चोच मारते तसं. डावा हात चालला. उजवा चालला, चालला, बारीक होत गेला अन् थांबला. तीच जागा, जवाई. मले पाहताच समजलं. मी डॉक्टरले म्हटलं, "हेच तर तवापासून सांगून राह्यलो, इथंच अडकते." त्यायले काही समजलं नाही. जीवन मात्र मान खाली घालून रडाले लागला, अन् मीच त्याले धीर देऊन राह्यलो.

पार्किन्सन म्हणतात याले. आपल्याकडं कंपवात म्हणतात म्हणे. मी म्हटलं, माहा हात कापत नाही, मंग कंपवात कसा? ते म्हणाले, काहीयचा कापते, काहीयचा थांबते. दोन्हीले एकच नाव कसं, ते काही मले पटलं नाही. तोंडावर हसू उमटत नाही तेही याच्यानंच म्हणे. बरा होत नाही, पण गोळ्यायनं चालत राहाते, असं सांगितलं. गोळ्या सुरू हायत. जेवणाआधी का मंग, याच्यात मी अन् सोनाबाई रोज भांडतो.

आता मागच्या आयतवारचं ऐका. मी डोहावर निघालो तर सोनाबाई चप्पल घालून मांगून आली. तिच्या गळ्यात माळ हाय, ती मासोळीले शिवत नाही, डोहावर कधी आली नाही. म्हटलं, तू कायले? म्हणे, "तुमी पाण्यात पडले तर गावाले कोण सांगंल?" आली अन् दूर दगडावर पाठ करून बसली.

हँडल मी डाव्या अंगालेच ठेवलं होतं. पण मासा लागला तवा सवयीनं काठी डाव्यात घेतली, हँडल उजव्यानं धरलं, अन् उजवा मधातच थांबला. काठी वाकली, तंगूस ताणला, मी तसाच खांबावाणी उभा. मनात म्हणून राह्यलो, फिर, फिर. कोणी फिरंना. मी ओरडलो. सोनाबाई आली अन् तिनं हँडल धरलं. आधी उलटं फिरवलं, फिरलंच नाही. मंग सुलटं. माह्या हातात काठी अन् तिच्या हातात चकरी, दोघं एकमेकायले शिव्या देत, गुडघाभर चिखलात. अन् चकरी अशी फिरली जवाई, अशी फिरली, का मले आवाज ऐकू आला. निसता बारीक, मांजर घुरघुरते तसा.

रोहू होता. चांगला मोठा. काठावर तडफडून राह्यला होता. सोनाबाई त्याच्याकडं पाहत उभी, लुगडं चिखलानं भरलेलं. म्हणाली, "याले सोडा." मी म्हटलं, "पागल झाली काय? लेकरं वाट पाहून राह्यले." ती म्हणाली, "मी वढला, मी सोडते." अन् ज्या माशाले ती कधी शिवली नाही त्याले तिनं दोन्ही हातानं उचललं, पदरात धरलं अन् पाण्यात नेऊन सोडून देलं. मंग हाताचा वास घेऊन पाह्यला अन् ओकारी आल्यावाणी तोंड केलं.

मी हसत होतो. मंग आरसा आठवला अन् तिले इचारलं, "सोना, मी हसून राह्यलो काय गं? दिसते काय?"

तिनं जवळ येऊन लय येळ माह्या तोंडाकडं पाह्यलं. म्हणाली, "दिसत नाही. पण हसा, मी पाहून राह्यली."

अमृतराव